रामकथा : शिळेवरची, संचामधली आणि घरातली

गुढीपाडव्याची गुढी उतरून आठवडा लोटतो न लोटतो तोच रामनवमीची चाहूल लागते. चैत्राचे ऊन माथ्यावर येत असते, कडुनिंब मोहोरलेला असतो आणि गावोगावच्या राममंदिरांत कीर्तनकार बुवा उत्तररंग आवरीत आवरीत रामजन्माच्या प्रसंगापाशी येऊन पोहोचतात. घड्याळाचे दोन्ही काटे बारावर एक होतात. पाळण्याची दोरी हलते, झांजा वाजतात, फुले आणि गुलाल उधळला जातो, उदबत्तीचा धूर गाभाऱ्यातून सभामंडपात येतो आणि तळहातावर सुंठवड्याची चिमूट पडते. डोळे पाळणा पाहतात, कान पाळण्याचे गीत ऐकतात, नाक धूप घेते, हात दोरीला लागतो, जीभ सुंठीचा तिखट-गोड स्वाद घेते. पंचेंद्रियांपैकी एकही त्या क्षणी उपाशी राहत नाही.

परंतु रामकथा केवळ मंदिरातच राहिली असे नाही. ती शिळेत गेली, कागदावर गेली, पडद्यावर आली, पेटीतून बोलू लागली आणि आता तर तळहातावरच्या काचेत येऊन बसली आहे. दर पिढीला नवे साधन मिळाले. त्या साधनाने कथा दूरवर नेली हे खरे. पण पाची इंद्रियांना पुरेल एवढे देणे कोणत्या साधनाला साधले? उरलेले कोणी भरून काढले? चाळीसगावचा घाट चढून आल्यावर लागणाऱ्या आमच्या कन्नड गावात गेली साठ वर्षे रामनवमी पाहताना हा प्रश्न आमच्या मनात अनेकदा आला. आजच्या पुण्यदिवशी तो वाचकांपुढे ठेवावा, असे वाटले.

वेरूळची शिळा

कन्नडहून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, वाटेला लागले की वेरूळ येते. श्रीघृष्णेश्वराचे दर्शन घेऊन भाविक कैलास लेण्याकडे वळतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी कोरलेले हे मंदिर. इतर मंदिरे पाया घालून वर चढतात. हे कळसापासून आरंभून खाली उतरले. अखंड कातळ वरून फोडीत, नको तेवढा दगड काढून टाकीत शिल्पी खाली येत गेले. एक घाव चुकला तर तो तुकडा पुन्हा बसवता येणार नाही, असे ते काम.

याविषयी 'कथाकल्पतरू' या जुन्या मराठी ग्रंथात एक कथा आहे. राजाच्या आरोग्यासाठी राणीने नवस केला, की शिवमंदिराचा कळस दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. पायापासून मंदिर उभारायचे तर वर्षे लागणार! तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला. त्याने माथ्यापासून कोरण्यास आरंभ केला आणि थोड्याच दिवसांत राणीला कळस दाखवला. ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरो न उतरो, तिच्यातले मर्म मोठे आहे. एका उपाशी जिवाच्या तळमळीतून बांधकामाची रीतच उलटी झाली, असे ज्या लोकांना वाटले त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : यंत्र किंवा तंत्र आधी नसते, आधी असते ती आस.

याच मंदिराच्या दक्षिण अंगाला रामायण कोरले आहे आणि उत्तर अंगाला महाभारत. एकावर एक पट्टे, त्यांत ओळीने लहान लहान आकृती. वनवास आहे, वानरसेना आहे, सेतूसाठी दगड वाहण्याची लगबग आहे. परंतु शिळेवर अक्षर नाही. कोणता प्रसंग आधी आणि कोणता नंतर, हे शिळा आपण होऊन सांगत नाही. लहानपणी आम्ही तेथे गेलो तेव्हा वडिलांनी बोट लावून एकेक आकृती दाखवली. त्यांचे बोट पुढे सरके तशी कथा पुढे सरके. त्यांचे बोट नसते तर आम्हांस तेथे नुसती माकडे दिसली असती. शिळेने डोळ्यांना दिले. कानांना द्यायला सांगणारा लागला.

पैठणची पोथी आणि चित्रे

आमच्याच जिल्ह्यातील पैठण येथे संत एकनाथांनी भावार्थरामायण रचले. युद्धकांडाच्या मध्यापर्यंत ग्रंथ आला आणि पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला, अशी परंपरा आहे. म्हणजे सांगणारा थांबला तरी सांगणे थांबले नाही. दुसऱ्याने ते उचलले. पोथी ही देखील त्या काळची एक युक्तीच होय. एकाच्या मुखातले शब्द शंभर घरांत, शंभर वर्षांनंतरही नेण्याची युक्ती. पण पोथी कधी मुक्याने वाचली गेली नाही. एक जण वाचणार, अर्थ सांगणार. बाकीचे ऐकणार, मान डोलावणार. मराठवाड्यातच जांब येथे रामनवमीच्या दिवशी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात नवविधा भक्तीचे विवरण केले, त्यात पहिले स्थान श्रवणाला आहे. आणि श्रवण म्हटले की सांगणारा आलाच.

पैठणच्याच नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रे जाणकारांना ठाऊक आहेत. रामायण-महाभारतातील एकेक प्रसंग कागदावर रंगवायचा, चित्रामागून चित्र पुढे करायचे आणि वाद्यांच्या साथीने कथा गात जायचे, अशी ही रीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी ती आजही जपली आहे. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून रामकथा दाखवण्याची कलाही त्यांच्याकडे आहे. दिव्यापुढे बाहुली, बाहुलीपुढे पडदा, पडद्यापुढे गाव. चित्रपटाची सारी सामग्री तेथे होती. उणीव होती ती फक्त फिरत्या फितीची.

मुका पडदा, बोलके प्रेक्षक

ती उणीव आणखी एका महाराष्ट्रपुत्राने भरून काढली. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट पाहत होते. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र राम आणि कृष्ण उभे राहिले. आपली दैवते आपल्या लोकांना पडद्यावर कधी दिसतील, या ध्यासाने त्यांची झोप उडाली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. १९१७ साली त्यांनी 'लंकादहन' आणला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या, कारण त्या काळी कुलीन घरांतील स्त्रिया पडद्यावर येण्यास तयार नव्हत्या. हे साळुंके पूर्वी एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते.

आता विचार करावा. पडदा मुका होता. चित्रात रंग नव्हते. सीता पुरुष होती. तरीही रामचंद्र पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून हात जोडीत, असे त्या काळच्या हकिकती सांगतात. त्यांना हे नाटक आहे हे कळत नव्हते काय? कळत होते. मूर्ती दगडाची आहे हे ज्याला कळते, त्यालाच तिच्यापुढे नम्र होण्याचे मोल कळते. फाळक्यांच्या यंत्राने डोळ्यांना छाया दिली. तिच्यात देव पाहण्याचे काम प्रेक्षकांनी केले. नाद नव्हता तो त्यांनी आपल्या नामघोषाने आणला. स्पर्श नव्हता तो अनवाणी पायांनी आणला.

पेटीला हार

पुढची गोष्ट कानांची. १ एप्रिल १९५५ हा रामनवमीचा दिवस. त्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. आठवड्याला एक नवे गीत, असा संकल्प होता. त्या वर्षी अधिक मास आला आणि पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन्न गीते झाली. एका रामनवमीला आरंभ आणि दुसऱ्या रामनवमीला सांगता. जणू वर्षभराचे अनुष्ठानच.

त्या वेळी अनेक घरांत गीत सुरू होण्यापूर्वी रेडिओला हार घालीत, निरांजन लावीत, उदबत्ती फिरवीत. आजच्या तरुणांना याचे हसू येईल. त्यांनी हसण्यापूर्वी थोडे थांबावे. रेडिओने काय दिले होते? फक्त ध्वनी. केंद्रातल्या गायकाच्या आवाजाचे विद्युत्-लहरींत रूपांतर व्हायचे. त्या लहरी आकाशातून येऊन छपरावरच्या तारेला लागायच्या आणि पेटीतल्या पडद्याला थरथरवून पुन्हा आवाज व्हायच्या. फूल, धूप, दीप, प्रसाद यांपैकी काहीही त्या लहरींवर बसून येत नव्हते. तेव्हा गृहिणींनी ते स्वयंपाकघरातून आणि परसातून आणले. पेटीला हार घातला तो पेटीसाठी नव्हता. एका इंद्रियापुरत्या आलेल्या रामाला उरलेल्या चार इंद्रियांचे आसन मांडून देण्याची ती रीत होती.

आमच्या घरी रेडिओ आला तो त्यानंतर काही वर्षांनी. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागे. लाकडी पेटी, समोर कापडी जाळी, आत काचेचे व्हॉल्व्ह. बटण फिरवल्यावर लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे. आधी पट्टीमागचा पिवळा दिवा लागे, मग हलकी गुणगुण, मग माणसाचा शब्द. आमच्या आजीची दृष्टी तोवर पूर्ण गेली होती. गीतरामायणातील एखादे गीत लागणार असले की ती पाटावर बसून तळहात पेटीच्या माथ्यावर ठेवी. पेटी कोमट झाली, की म्हणे, "आले हो, आता आले." डोळे नसलेल्या तिला स्वरांच्या आधी ऊब कळे. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून पाणी वाही. तिच्या मनातला राम कसा दिसत होता, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. पण एवढे खरे, की तो तिचा होता. कानांना मिळालेल्या कथेचे हेच वैशिष्ट्य. चित्र ज्याचे त्याला काढावे लागते आणि स्वतः काढलेले चित्र सहसा पुसले जात नाही.

रविवारची सकाळ

मग २५ जानेवारी १९८७ उजाडला. त्या रविवारी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत, अठ्ठ्याहत्तर भागांत, रविवारची सकाळ देशभर रामाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रस्ते ओस पडत. रामाची भूमिका करणारे अरुण गोविल भेटले तर लोक त्यांच्या पाया पडत. आमच्या गल्लीत एकच संच होता आणि तो आमच्या घरी. रविवारी सकाळी सतरंज्या घालाव्या लागत. शेजारच्या वृद्धा आंघोळ करून, ओलेत्या केसांनी येत. संचापुढे नारळ ठेवीत.

या सगळ्या आनंदात आजी मात्र मागे पडली. रेडिओने तिला सर्वांच्या बरोबरीने बसवले होते. दूरदर्शनने तिला भिंतीशी लोटले. संवाद तिला ऐकू येत, पण ते हिंदीत. आणि जेथे संवाद थांबून नुसती चित्रे व नुसते संगीत सुरू होई, तेथे तिची कथा तुटे. "काय चालले आहे रे?" असे ती विचारी, आणि आम्ही, चांगले सव्वीस वर्षांचे घोडे झालेलो, "थांब ना आजी" म्हणून तिला गप्प करीत होतो. आज हे लिहिताना मान खाली जाते. आमच्या आईने मात्र ते ओळखले. ती आजीच्या शेजारी जाऊन बसू लागली. "आत्याबाई, रामराया वल्कले नेसले बरं का. सीतामाई निघाली. ऊर्मिला दारात उभी आहे, बोलत नाही." पडद्याकडे पाहायचे, आणि पाहिलेले शब्दांत घालून आजीच्या कानात ओतायचे. आईचे स्वतःचे अर्धे पाहणे त्यात जाई. तिने कधी कुरकुर केली नाही.

एका रविवारी भरत चित्रकूटाकडे निघाला होता. सैन्याची धूळ उडते आहे, लक्ष्मणाला संशय आला आहे, त्याने धनुष्य उचलले आहे, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. पडदा काळा झाला. खोलीत चाळीस-पन्नास माणसे. एकच हळहळ उठली. मुले रडू लागली. काही जण उठायच्या बेतात होते. तेवढ्यात भिंतीशी बसलेली आजी बोलली, "बसा सगळे. भरत कोठवर आला होता?"

कोणी तरी सांगितले. आणि आजीने कथा उचलली. तिला भावार्थरामायणाची पारायणे ऐकून ऐकून प्रसंग तोंडपाठ होते. रामाने लक्ष्मणाला कसे आवरले, भरत कसा धुळीत लोळला, वडील गेल्याचे ऐकून राम कसा कोसळला, हे सारे तिने आमच्या कन्नडच्या बोलीत, आपल्याच घरातली भाऊबंदकी सांगावी तसे सांगितले. पादुकांचा प्रसंग आला तेव्हा ती थांबली. धाकट्या नातीला म्हणाली, "बाळा, देवघरातल्या आजोबांच्या खडावा आण." आजोबांना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्यांच्या लाकडी खडावा देवघरात असत. मुलीने त्या आणल्या. आजीने त्या चाचपून मस्तकाला लावल्या आणि शेजारणीच्या हातात दिल्या. "भरताने अशा घेतल्या. पुढे द्या." त्या खडावा हातोहात सगळ्या खोलीत फिरल्या. खिडक्या लावलेल्या अंधाऱ्या खोलीत झिजलेल्या लाकडाचा तो गुळगुळीत स्पर्श आणि त्यांच्या खुंट्या आजही आमच्या तळव्यांना आठवतात. कोणी बोलत नव्हते. मघाशी संचासाठी रडणारी मुले खडावा आपल्या हाती कधी येतील याची वाट पाहत होती.

वीज आली तेव्हा रामायणाची वेळ टळून गेली होती. पडद्यावर दुसरेच काही चालले होते. आईने उठून संच बंद केला. त्या दिवशी भाग चुकला, अशी तक्रार आमच्या घरी आलेल्यांपैकी कोणीही केली नाही.

तळहातावरची काच

त्याला आता बराच काळ लोटला. आजी गेली, पुढे आईही गेली. २०२० साली महामारीमुळे टाळेबंदी होती. २ एप्रिलच्या रामनवमीला मंदिरांची दारे भाविकांना बंद होती, आणि तेच जुने रामायण दूरदर्शनने मार्चअखेरपासून पुन्हा दाखवायला घेतले होते. मंदिर नव्हते तेव्हा संचाने आधार दिला, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. यंत्राला नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही.

१७ एप्रिल २०२४ ची रामनवमी तर विज्ञान आणि भक्ती यांच्या संगमाचीच होती. अयोध्येच्या नव्या मंदिरात भर मध्यान्ही सूर्यकिरण रामलल्लांच्या भाळी टिळ्यासारखे उतरले. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेच्या आणि बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आरसे व भिंगे यांच्या साहाय्याने ही योजना केली होती. आपली रामनवमी तिथीने येते, म्हणून त्या दिवसाचे सूर्याचे स्थान दरवर्षी थोडे निराळे असते. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ एकोणीस वर्षांनी पुन्हा जवळजवळ तसाच जमतो. हा सारा हिशेब त्या रचनेत बसवावा लागला. राणीला कळस दाखवणाऱ्या कोकसाची आठवण यावी, असेच हे काम.

त्या दुपारी आम्ही घरी होतो. आता आमच्याही डोळ्यांवर पडदा येऊ लागला आहे. मोठे अक्षर दिसते, लहान काच दिसत नाही. नातू कानांत बोंडे घालून भ्रमणध्वनीवर तो सोहळा पाहत होता. शेजारच्या खोलीत सून आपल्या भ्रमणध्वनीवर तोच पाहत होती. एकच राम, एकाच घरात, दोन काचांत, आणि घर चिडीचूप. देवघरात सुंठवड्याची वाटी झाकलेली होती. आम्हांस एकदम भिंतीशी बसलेली आजी आठवली. आम्ही नातवाला म्हणालो, "काय दिसते रे बाळा? मला सांग की."

तोही "थांबा ना आजोबा" म्हणेल, असे क्षणभर वाटले. म्हटले असते तर ते आमचेच उसने फिटले असते. पण त्याने कानांतील बोंडे काढली. अडखळत सांगू लागला, "आजोबा, अंधार केलाय आत. आता कपाळावर उजेड पडतोय... गोल आहे... थोडा हलतोय... आता नीट मधोमध आला." आम्ही त्याला विचारले, "डोळे कसे आहेत देवाचे?" तो काचेजवळ वाकला, बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, "हसल्यासारखे." मघापासून तो पाहतच होता, पण डोळ्यांकडे त्याने तेव्हाच पाहिले. सांगायचे असले म्हणजे पाहणेही निराळे होते. त्याचा आवाज ऐकून सून बाहेर आली, तिने देवघरातली वाटी उचलली आणि आमच्या हातावर सुंठवडा ठेवला.

वाचकहो, शिळा असो, पोथी असो, पडदा असो, पेटी असो की काच असो, कोणतेही साधन कथा आपल्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडते. तेथून तिला आत घ्यायचे काम घरातल्या माणसांचे. आज मध्यान्ही आपल्या घरी जो संच लावाल तो अवश्य लावा. मात्र त्यापुढे एक निरांजन असू द्या, सर्वांच्या हातावर सुंठवडा पडू द्या, आणि घरात ज्याला नीट दिसत नाही किंवा नीट ऐकू येत नाही असे कोणी वडीलधारे असेल, तर त्यांच्या शेजारी एका मुलाला बसवा. त्याला एवढेच सांगा : जे दिसते ते आजोबांना सांग, जे ऐकू येते ते आजीला सांग.

प्रभू रामचंद्र सर्वांच्या घरी सुखाने येवोत!